मालकाला वास येत नाही

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी साडेदहा. मांजरी, सोपान जगदाळे यांची शेड. हजर: स्वतः सोपानमामा, त्यांच्या पत्नी हिरामामी, आमच्या गाडीचा ड्रायव्हर गजानन आणि मी. साडेअकरानंतर हजर: शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी आपटे, तक्रार घेऊन. गैरहजर: गॅस मोजायचं यंत्र.

त्या दिवसाबद्दल माझ्या वहीत एवढंच आहे. कुठेही गेले की आधी तारीख आणि हजेरी लिहायची ही माझी जुनी सवय. घरचे हसतात, हसू देत. पण त्या रविवारी वहीत जे लिहिलं नाही तेच सांगण्यासारखं आहे, आणि त्यासाठी आधी सोपानमामा सांगायला हवेत.

मामा गाड्यांच्या इंधनाच्या टाक्या करत. नव्या घडवत, जुन्या दुरुस्त करत. मांजरीत उसाची शेतं संपून टोलेजंग इमारती जिथे सुरू होतात त्या सीमेवर त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर फळा: ‘जगदाळे टाकी वर्क्स. नवीन टाकी करून मिळेल. जुनी टाकी दुरुस्त होईल.’ आणि खाली, त्याच रंगात, त्याच आकारात: ‘सूचना: मालकाला वास येत नाही.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. साथीच्या वर्षी मामांना ताप आला, उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. मेथीची भाजी करपली तरी कळेना. दुसरा कोणी असता तर गुपचूप बसला असता, कारण पेट्रोलच्या टाकीला जोड लावणाऱ्या माणसाला वास येत नाही म्हणजे काय, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. मामांनी रंगाचा डबा आणला आणि फळ्यावर लिहून टाकलं.

“गिऱ्हाईक तुटलं असेल,” मी म्हणाले.

“निम्मं तुटलं,” मामा म्हणाले. “ऱ्हायलं ते वाचता येणारं ऱ्हायलं.”

आमची संस्था छोटी. फिरती प्रयोगशाळा: गाडीत सूक्ष्मदर्शकं, भिंगं, चुंबकं, सांगाडा असा संसार भरायचा आणि डोंगरातल्या शाळांमध्ये जायचं. शिकवतात दुसरे, मी व्यवस्था बघते. गाडी देणगीत मिळालेली जुनी पिकअप, पेट्रोलवर चालणारी. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाड्या करून परत फिरलो की काटा तळाला टेकायचा, आणि पंप डोंगराच्या अलीकडे. दोनदा सांगाड्यासकट रस्त्यात बसलो. मग गजाननने स्वतःच्या डोक्याने उपाय काढला आणि मागच्या हौद्यात पेट्रोलचे दोन प्लॅस्टिकचे कॅन ठेवायला लागला. मला ते पटत नव्हतं, म्हणून गाडीला जादा टाकी बसवून घ्यायची असं ठरवलं आणि चौकशी करत मामांपर्यंत पोचलो.

मामा तेव्हा पासष्टीचे असतील. बुटके, रुंद, पांढरा सुती सदरा, सुती पायजमा, डोक्यावर टोपी. नमस्कार वगैरे काही नाही. थेट गाडीच्या मागे गेले आणि ताडपत्री वर केली.

“ह्यात काय हाय?”

“पेट्रोल आहे ना मामा,” गजानन म्हणाला. तो यवतमाळचा. “वेळेवर कामी येते.”

“आन् ह्या पेटीत?”

“स्पिरिटचे दिवे,” मी म्हणाले. “प्रयोगाला लागतात.”

“पेटवता कशानं?”

“काड्यापेटी त्याच पेटीत असते.”

मामांनी दोन्ही कॅन उचलले. शेडच्या मागे दूर एक लिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत नेऊन ठेवले. हौदावर हात धुतले. सावकाश परत आले.

“आता नमस्कार,” ते म्हणाले. “बसा. म्याडम, तुम्ही पोरास्नी शिकवता काय?”

“विज्ञान.”

“बरं बरं,” मामा म्हणाले.

मी जन्मापासून पुण्यात आहे. अपमान पुष्कळ पाहिले आणि काही केलेही. पण दोन शब्दांत इतका पुरा अपमान कोणी केला नव्हता.

ते झाड शेडपासून चाळीस पावलांवर होतं. मामांचं सगळं पावलांत असे. चूल पुढच्या अंगाला चाळीस पावलांवर, कॅन मागच्या अंगाला चाळीस पावलांवर, बिडी ओढणारं गिऱ्हाईक साठ पावलांवर. मामी चहा चुलीवर करायच्या आणि कपबशा घेऊन चालत यायच्या. मामी ठेंगण्या, त्यांची पावलं लहान. त्यामुळे जगदाळ्यांकडचा चहा कायम गार. गजाननने एकदा तोंड वाकडं केलं.

“गार चहानं कुनी मेलेलं ऐकलंय का?” मामांनी विचारलं.

“नाही ऐकलं.”

“मग प्या.”

शेडमध्ये शिरताना मोबाइल पिठाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. डबा दाराबाहेर. आत काम चाललेलं असताना डबा मधूनच गुणगुणायला लागायचा आणि कोणाचा वाजतोय यावरून बाहेर वाद व्हायचे. नायलॉनचे, चकचकीत कपडे घालून आत यायचं नाही, कारण असे कपडे अंगावर घासले की बारीक ठिणगी पडते. गजाननकडे तर चकचकीत टी-शर्ट सोडून दुसरं काही नव्हतंच. मामी त्याला मामांचा जुना सदरा द्यायच्या. गजानन उंच आणि काटकुळा. त्या सदऱ्यात दोन गजानन मावले असते, आणि तरी तो बेंबीच्या खाली यायचा नाही. मलाही पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवरून मामींची सुती चादर गुंडाळून बसावं लागलं. अशा अवस्थेत मी माझ्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची तांत्रिक बैठक केली.

“किती लिटरची पायजे?” मामांनी विचारलं.

“साठची बसेल का?”

“बसंल की. बसवायला ट्रॅक्टरबी बसंल. लागतंय किती, ते सांगा. एक म्हैना रोजचे किलोमीटर आन् रोजचं पेट्रोल लिवून आना. मग बोलू.”

मी पिशवीतून फाइल काढली. दोन वर्षांचं लिहिलेलं होतं. कोणती शाळा, किती अंतर, चढ किती, किती भरलं, किती उरलं.

मामांनी चष्मा लावला, एकेक पान उलटलं, मग हाक मारली, “हिरा, इकडं ये. बग. मानूस आलंय.”

त्या दिवसापासून मी ‘म्याडम’ची ताई झाले ती कायमची. त्यांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला आणि सांगितलं की आम्हाला पंचवीस लिटर पुरतील. साठ कशाला? पेट्रोलला वजन असतं, टाकीला असतं, पट्ट्यांना असतं. तेवढा सांगाडा कमी न्यावा लागेल. शिवाय जास्त पेट्रोल म्हणजे जास्त काळजी. एक गिऱ्हाईक सीटच्या मागे शंभर लिटरची टाकी मागायला आलं होतं, ती गोष्ट मामा प्रत्येकाला सांगत.

“म्या इचारलं, जायचं कुठं? म्हनला, कामाला. म्हनलं, काम कुठं? म्हनला, खराडीला. मांजरीवरनं नदीपल्याडच्या खराडीला जायाला शंभर लिटर!”

“मग काय केलंत?”

“काय करनार? पानी पाजलं आन् खराडीचा रस्ता दावला.”

टाकी कुठे बसवायची, हे त्यांनी जमिनीवर उताणं झोपून ठरवलं. गाडीखाली अर्धा तास. धुराच्या नळीपासून लांब, मागच्या बंपरपासून आत, चासीच्या दोन दांड्यांच्या मध्ये, म्हणजे कोणी मागून धडकलं तर आधी दांड्यांनी सोसावं. पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून पट्ट्यांखाली रबर. टाकीची वाफ बाहेर जायला वेगळी नळी, गाडी आडवी झाली तरी त्यातून पेट्रोल सांडू नये अशी झडप. आणि या सगळ्याच्या आधी कागद: एका इंजिनिअरकडून आराखडा, आरटीओची परवानगी, मगच पत्र्याला कात्री. कागदाशिवाय काम मागणाऱ्याला ते साठ पावलांवर बिडीवाल्यांबरोबर उभं करत.

टाकीच्या आत आडवे पडदे का लागतात, हे मला त्यांनी तोंडी सांगितलं नाही. मोठं पसरट पातेलं अर्धं भरलं आणि माझ्या हातात दिलं.

“लिंबापत्तोर चालत जावा. मी थांबा म्हनलं की थांबायचं.”

मी निघाले. पंधरा पावलांवर ते ओरडले, “थांबा!” मी थांबले, पाणी थांबलं नाही. अंगावर आलं. मग त्यांनी पातेल्यात भोकं पाडलेल्या तीन उभ्या पट्ट्या बसवल्या आणि पुन्हा चालायला लावलं. या वेळी पाणी नुसतं थरथरलं.

“हेच वळनावर गाडीत व्हतंय,” मामा म्हणाले. “घाटात पंचवीस लिटर एकदम एका अंगाला गेलं की गाडी मानसाचं ऐकत नाय.”

“हे सांगूनसुद्धा कळलं असतं मामा.”

“सांगितल्यावर इसरतं. भिजल्यावर नाय.”

आमच्या शाळांमध्ये हा प्रयोग मी आता करून घेते. मुलांना फार आवडतो, शिक्षकांना कमी.

नव्या टाकीचा प्रश्न नव्हता. कोऱ्या पत्र्याने पेट्रोल पाहिलेलंच नसतं. धोका जुन्या टाकीचा. मामांचा सगळ्यांत लाडका धडा हा की भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट. पेट्रोल काढून टाकलं तरी वाफ राहते, सांध्यात आणि गंजाच्या पापुद्र्याखाली लपते, आणि ठिणगी लागली की टाकी बॉम्बसारखी फुटते. म्हणून जुनी टाकी आली की ती धुवायची, सोड्याच्या गरम पाण्याने पुन्हा धुवायची, पाण्याने भरून आठ दिवस ठेवायची. मग रिकामी करून गॅस मोजायचं यंत्र लावायचं. यंत्र हो म्हणालं की दोन नाकं लावायची. दोन्ही नाकं हो म्हणाली की मगच ठिणगी.

पूर्वी एक नाक मामांचं असे. ते गेल्यावर बाहेरून नाकं घ्यावी लागली आणि नाकांचे नियम आले. सर्दीवाला बाद. तपकीरवाला बाद. गुटखा खाणारा बाद. नवराबायको मिळून एकच नाक धरायचं.

“असं का?” मी विचारलं.

“एका घरातली मानसं एकमेकाला सांभाळून घेत्यात. एक म्हनलं येत नाय, की दुसरं म्हनतंय नाय येत.”

“मी कधी सांभाळून घेतलं वो तुमाला?” मामी म्हणाल्या.

“तू सोडून,” मामा म्हणाले.

सासवडला त्यांची मुलगी होती, मनीषा, दवाखान्यात नर्स. तिला हा नाकांचा कारभार अजिबात मान्य नव्हता. “आप्पा, तुमच्या कामात नाक म्हणजे डोळे. आंधळ्यानं ट्रक चालवू नये,” असं तिने त्यांना माझ्यासमोर ऐकवलं होतं. बापलेकीचं वर्षभर भांडण चाललं आणि शेवटी एका करारावर मिटलं. मामांनी शब्द दिला होता: जुन्या टाकीच्या कामात एक चूक, एकच, झाली की शेड बंद करून सासवडला राहायला यायचं. चूक झाली की नाही हे कोण ठरवणार, असं मी मनीषाला विचारलं.

“तेच ठरवणार,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाचं ऐकतात थोडेच.”

म्हणजे मामांचा चाळीस वर्षांचा धंदा त्यांच्या स्वतःच्याच निकालावर टांगलेला होता. त्या रविवारी शेडमध्ये काय पणाला लागलं होतं ते यावरून कळेल.

आमच्या जुन्या टाकीला एक छोटा नळीचा तुकडा जोडायचा होता, त्यातून नव्या टाकीचं पेट्रोल जुन्यात येणार होतं. टाकी धुऊन झाली होती, आठ दिवस पाण्यात होती. यंत्र मात्र वार्षिक तपासणीसाठी कंपनीकडे गेलं होतं. गुरुवारी येणार होतं.

“गुरुवारपत्तोर थांबू,” मामा म्हणाले.

“मामा, मंगळवारी आरटीओत गाडी तपासायची तारीख आहे,” मी म्हणाले. “ती गेली की महिना जाईल. पुढच्या आठवड्यापासून शाळांच्या भेटी ठरल्यात. अकरा शाळांना कळवलंय.” मी वही उघडून दाखवली. वहीत सगळं नीट मांडलेलं होतं.

मामांनी वहीकडे पाहिलं. वही लिहिणाऱ्या माणसावर त्यांचा भारी विश्वास. तोच नडला. “बरं,” ते म्हणाले. “दोन नाकांवर करू.”

सकाळी टाकी रिकामी केली आणि उन्हात, आमच्या शेजारीच ठेवली. मामा नळीचा तुकडा घासून मापात आणत बसले. त्यात तास गेला. मी, मामी आणि गजानन टाकीच्या बाजूला बसून गप्पा मारत होतो, गार चहा पीत होतो. मग मामांनी हाक दिली, “नाकं या.”

मी टाकीच्या तोंडाशी वाकले. काही नाही. गजानन वाकला.

“येते का काही?”

“नाई ना मामा. आपल्या नळाच्या पाण्यासारखी आहे.”

मी यादीत खूण केली: वास नाही, दोन नाकं. मामांनी खडूने टाकीवर माझं आणि गजाननचं नाव लिहिलं, चष्मा चढवला, वेल्डिंगच्या गॅसची तोटी हातात घेतली.

तेवढ्यात फाटक वाजलं. सोसायटीचे आपटे. हे गृहस्थ आयुष्यभर शनिवार पेठेत राहून निवृत्तीनंतर शांततेसाठी मांजरीला आले होते, आणि शांततेच्या खिडकीखाली नेमकी मामांची शेड निघाली. रविवारी ठोकाठोकी होते म्हणून महिन्यातून दोनदा ते लेखी तक्रार घेऊन येत. कडक इस्त्रीचा सुती सदरा, हातात कागद. आपटे हे एकमेव असे गिऱ्हाईक होते ज्याच्या कपड्यांना मामांनी कधी नाव ठेवलं नाही.

“जगदाळे, आज रविवार आहे. आपल्याकडे कॅलेंडर नसेल तर मी देतो, सोसायटीनं छापलंय.”

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, जणू आत्ताच दिसलो. मग टाकीकडे, आणि आमच्या रिकाम्या कपांकडे. तोटी खाली ठेवली.

“आपटे साहेब, तक्रार घेतो. आदी इथं नाक लावा.”

“काय लावू?”

“नाक. ह्या तोंडाशी.”

“अहो, मी लेखी तक्रार घेऊन आलोय. नाक कशाला?”

“लावा म्हनतो ना!”

मामांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. आपटेही दचकले असावेत, कारण ते चक्क वाकले. आणि तितक्याच झटक्यात सरळ झाले.

“शी! पेट्रोल आहे की हो! पंप काढलाय का आत? जगदाळे, हे पेट्रोल आहे आणि तुम्ही हे आता पेटवणार होता?”

गजानन पुन्हा वाकला, हुंगलं, आणि खरोखर गोंधळून म्हणाला, “पन मले तर येतच नाई!”

“यायचं न्हाय,” मामा म्हणाले. “तास झाला तुम्ही हिच्यापाशी बसलाय. नाक बसलंय तुमचं. एकाच वासात बसलं की नाकाला तो घरचाच वाटतोय. मला ठावं हाय हे. चाळीस वर्सं ठावं हाय.”

ते बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. मामी कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“दोन नाकं म्हनं! आन् तुमचं डोकं कुठं गेलं हुतं? ही ताई शिकलेली, हिच्याबी डोक्यात आलं न्हाय!”

घाई माझी होती. यादीतली खूण माझ्या हातची होती आणि खोटी होती.

आपटे कागद हातात धरून उभेच होते. “तक्रार आज राहू दे,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी आणतो.” फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. “कॅलेंडर मात्र पाठवतो.”

खरं म्हणजे काही झालं नव्हतं. ठिणगी पडली नव्हती. चौघांनी तोंड बंद ठेवलं असतं तर मनीषाला कधी कळलंही नसतं, आणि आम्ही ठेवलंही असतं. मी तसं सुचवायला तोंड उघडत होते. मामा उठले, पिठाचा डबा उघडला, आपला फोन काढला, आणि आमच्यासमोर नंबर लावला.

“मने, आप्पा बोलतोय. चूक झाली. न्हाय, समदे बरं हायती. आपटे आले म्हनून वाचलो. न्हाय गं, रडतीस कशाला. शब्द हाय त्यो हाय. हातातलं एक काम उरकतो आन् येतो.”

मग माझ्याकडे वळले. “ताई, मंगळवार खोडा.”

मी मंगळवार खोडला. त्याखाली अकरा शाळाही खोडल्या. माझ्या वहीत इतकी खाडाखोड त्याआधी कधी झाली नव्हती.

आमची टाकी त्यांनी पुरी केली, पण जुन्या टाकीला ठिणगी न लावता. नव्या टाकीतून छोट्या पंपाने पेट्रोल ओढायचं आणि जुन्या टाकीच्या भरायच्या नळीत सोडायचं, अशी जोडणी काढली. “हे आदीच सुचाया पायजे हुतं,” असं ते रोज एकदा म्हणत. सुधारलेल्या आराखड्याला परवानगी मिळाली, इंजिनिअरने तपासलं, पुढच्या महिन्यात आरटीओत पास झालं. पूजेला गजाननने नारळ, हार आणि कापूर आणला.

“नारळ इथं फोडा, हार गाडीला घाला,” मामा म्हणाले. “कापूर लिंबाखाली.”

मग गजाननने चाळीस पावलांवर उभं राहून, गाडीच्या दिशेने तबक ओवाळत आरती केली. आम्ही इकडून टाळ्या वाजवल्या.

“देवाले दिसन का इतक्या दुरून?” गजानन ओरडला.

“त्याला लांबचं दिसतंय,” मामांनी इकडून ओरडून सांगितलं.

शेड रिकामी करायला महिना लागला. त्या महिन्यात मामांनी मला एक काम दिलं. सोलापूर रस्त्याला मांजरीपासून पुढे वेल्डिंगची नऊ दुकानं होती. मामा गेल्यावर लोक जुन्या टाक्या तिथेच नेणार, आणि तिथे कोणी आठ दिवस पाणी भरून ठेवणार नाही. “तुमास्नी याद्या करायची सवय हाय. मी सांगतो, तुम्ही लिवा.” दोन संध्याकाळी बसून सात कलमं झाली. ते बोलत, मी लिही, मग ते वाचून घेत आणि निम्मं खोडायला लावत, कारण “वेल्डरला येवढं वाचाया वेळ नसतो.” चौथं कलम त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं: गिऱ्हाइकाची घाई टाकीत घेऊ नये. मी लिहून घेतलं.

कागद प्लॅस्टिकमध्ये घालून घेतले. पण नुसता कागद देणं मामांना मंजूर नव्हतं. दुकानदाराने सातही कलमं आमच्यासमोर मोठ्याने वाचायची, तरच दिला असं धरायचं. आठ दुकानं आम्ही अशी केली. एका ठिकाणी मालक वाचता वाचता पाचव्या कलमावर थांबला, उठून आत गेला आणि भट्टीजवळची एक जुनी टाकी उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. त्या दिवशी मामांनी वाटेत थांबून आम्हाला गरम चहा पाजला.

नववं दुकान बबन वेल्डरचं. मामा सासवडला निघाले त्या सकाळी करायचं ठेवलं होतं. त्यांना आमच्याच पिकअपमधून जायचं होतं, दोन टाक्यांच्या. मामी पुढे खिडकीशी, मामा मध्ये, मागे त्यांची ऐरण, पेट्या आणि पातेली. मी माझ्या स्कूटरवरून मागे. बबनने आदराने स्टूल दिलं, कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं संपतंय तोच एक टेम्पोवाला आत शिरला. गेटची बिजागरी तुटली आहे, माल थांबलाय, आत्ताच्या आत्ता पाहिजे.

“मामा, दोन मिंटं,” बबन म्हणाला आणि चेहऱ्यावर काच ओढली.

मामा वीस मिनिटं स्टुलावर बसले. मग मामींनी गाडीतून हाक मारली. मनीषा जेवायला थांबली होती. ते उठले, कागद बबनच्या टेबलावरून उचलून माझ्या हातात दिला.

“हे आता तुमच्याकडं, ताई.”

गजाननने गाडी काढली. मागच्या काचेतून मामांची पाठमोरी टोपी दिसत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती टोपी उजवीकडे वळली. शेजारच्या ट्रकची टाकी बघत असणार. हिरवा दिवा लागला, सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि पिकअप सासवडच्या बाजूला वळून दिसेनाशी झाली.

दर सोमवारी त्यांचा फोन येतो. नाक अजून बंद आहे, मामींचा चहा आता गरम मिळतो, मनीषा ओरडते, हे सगळं आधी. मग विचारतात, “चौथं झालं का?”

मी बबनकडे चार वेळा जाऊन आले. माणूस चांगला आहे. प्रत्येक वेळी काम थांबवतो, हात पुसतो, पहिल्यापासून वाचायला घेतो, आणि तिसरं संपायच्या सुमाराला कोणीतरी येतं.

वहीत आज सकाळी पुन्हा लिहिलं: बबन वेल्डर, कलम चार ते सात, बाकी.